मोतीचा जबडा

६ फेब्रुवारी १९६२, मंगळवार

माझ्या हातानं केलेल्या वस्तू एकदा लिहूनच ठेवतो. करवतीच्या जुन्या पात्याच्या कातडं सोलायच्या तीन सुऱ्या, मुठी धावड्याच्या. मुंडकी भरायला कागदाच्या लगद्याचे सहा साचे, चितळाचे चार आणि सांबराचे दोन. शिंगाच्या बुडाचा घेर मोजायची पितळी कडी, इंचाच्या सोळाव्या हिश्शापर्यंत अचूक. दाढेची उंची मोजायचा चिमटा. दुर्बिणीसाठी तिपाई, बसून पाहण्याच्या उंचीची. आणि सहा फुटांची सागाची फळी, तिच्यावर चितळाचे अडतीस खालचे जबडे, पाडसापासून म्हाताऱ्यापर्यंत ओळीनं तारेनं बांधलेले. पुस्तक नाही, उस्ताद नाही. शाळा चौथीपर्यंत, मराठी. बाकी सगळं पाहून पाहून.

हे लिहायचं कारण असं, की आज शिकार कंपनीचं रजिस्टर माझ्या डोळ्यांसमोर उघडं होतं. त्यात लिहिलंय : गुलाम नबी, राहणार पांढरकवडा, मजूर.

मजूर!

कंपनीचे मॅनेजर पुंडलिकराव देवतळे म्हणाले, "अहो नबीभाई, रकाने दोनच आहेत. अधिकारी आणि मजूर. तुम्हाला अधिकारी लिहू का?" आणि हसले. सोबत कारकूनही हसला.

कंपनीनं झरीकडच्या जंगलाचा गट परमिटावर घेतलाय. नागपूर-कलकत्त्याचे पाहुणे आणायचे आणि त्यांना शिकार द्यायची हा धंदा. परमिटाची अट एकच महत्त्वाची : चितळाचा नर मारायचा तो म्हाताराच, ज्याचे माजाचे दिवस सरले असा. आता शंभर पावलांवर झाडीत उभा असलेला नर म्हातारा की जवान, हे सांगणार कोण? मी. गोळी सुटायच्या आधी 'हा चालेल' की 'हा नाही' हे माझ्या तोंडून निघतं, मग बंदूक उचलली जाते. मारल्यावर जबडा काढून फळीशी ताडून वनखात्याच्या कचेरीसाठी वयाचा कागद लिहितो, तोही मीच. दोन जिल्ह्यांत हे काम येणारा दुसरा माणूस दाखवा.

अष्टग्रहीत जग बुडणार म्हणून आठ दिवस गावात होम चालले होते. बुडालं नाही. बुडालं असतं तर निदान ते रजिस्टर तरी गेलं असतं.

१४ फेब्रुवारी, बुधवार

रोजे चालू आहेत. पहाटे सहेरी करून जीपनं जंगलात. कलकत्त्याचा पाहुणा, कापसाचा दलाल. नर दिसला की हा बोटं मोजतो : "छे टोकं, म्हणजे छे वर्षं." मी सांगितलं, साहेब, चितळाच्या शिंगाला एका बाजूला तीनच टोकं असतात. पूर्ण शिंगं एकदा आली की मरेपर्यंत तीनच. शिंगं गळतात, नवी येतात, टोकं तेवढीच. तर म्हणतो, "माझ्याकडं छापील पुस्तक आहे." कुठल्या मुलुखाच्या हरणाचं पुस्तक, अल्ला जाणे. छापलं की खरं!

माझी रीत अशी. दहा खुणा, प्रत्येकीला दहा गुण. मान, पाठीचा वाक, पोटाचा झोल, तोंडावरचा काळेपणा, शिंगाच्या बुडाचा घेर, चाल, वगैरे. साठाच्या वर गेला तर म्हातारा. हे गुण मी हवेतून काढले नाहीत. सात वर्षं मेलेल्या प्रत्येक नराची मान-पोट आधी लिहिलं, मग त्याचा जबडा फळीवर लावून वय काढलं, त्यावरून ठरवलं की नऊ वर्षांच्या नराची मान कशी दिसते.

आणि फळीला पाया आहे. मोतीचा जबडा. मोती म्हणजे लमाणांच्या तांड्यावर पाळलेला चितळ. तिथल्या बिजलीबाईनं दुधावर वाढवला, पंचावन्न साली मेला. वय नऊ वर्षं दोन महिने, सगळ्या तांड्याला पाठ. मी जबडा मागितला तेव्हा त्या बाईनं तीन महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. पण तो एक जबडा पक्का मिळाला आणि बाकीचे सदतीस त्याच्या मागं-पुढं झिजेप्रमाणं लावले. दुकानदाराला वजन तपासायला खरं माप एकच पुरतं.

२ मार्च, शुक्रवार

धावजीनं आज पाहुण्यांसमोर माझा पाणउतारा केला.

धावजी हा बिजलीबाईचा मुलगा, कंपनीचा खोजी. माग काढायला त्याच्यासारखा माणूस नाही, हे मी पहिल्यापासून म्हणतो. बाप लमाणी बैलांचे तांडे हाकत असे. हा आता चार एकर शेती आणि बैलांची दलाली करतो. अक्षरओळख शून्य. मला मिस्त्री म्हणतो.

नाल्याच्या पलीकडं मोहाखाली नऊ नरांचा कळप. त्यात एक डावा कान फाटलेला. शिंगं अंदाजे पस्तीस इंच, मान रेड्यासारखी, तोंड काळंभोर. मी तिपाई लावली, गुण केले. चौसष्ट. म्हटलं, "हा चालेल."

धावजी मागून म्हणतो, "नाही मिस्त्री. हा जवान आहे."

"कशावरून?"

"तो पाहा नं, सारखा दुसऱ्याच्या अंगावर जाऊन राह्यला. म्हाताऱ्याले असं सोंग करा लागत नाही. तो नुसता उभा राह्यला तरी बाकीचे सरकतात."

"मान पाहिलीस?"

"माजावर आला की मान फुगतेच. बोकडाची फुगत नाही का?" पाहुणे हसले. मग म्हणाला, "अन् मी याले वळखतो. नवे पैसे निघाले नं, त्या उन्हाळ्यात हा मायच्या मागं पाडस होता. आमच्या कुत्र्यानंच कान फाडला त्याचा."

म्हणजे सत्तावन साल, पाच वर्षं! मी म्हटलं, जंगलात फाटक्या कानाचा नर एकच असतो का रे? काटा लागतो, बिबट्याचा पंजा लागतो, भांडणात फाटतो. तुझ्या कुत्र्याचा शिक्का आहे का त्यावर?

"शिक्का तुमच्या कागदावर असते मिस्त्री," म्हणाला. "जनावरावर नसते."

पुंडलिकराव माझ्याकडं पाहत होते. पाहुणा माझ्याकडं पाहत होता. मी पुन्हा म्हटलं, "हा चालेल. नऊच्या खाली असेल तर उद्यापासून मी जंगलात पाय ठेवणार नाही."

अंधार पडत आला होता, गोळी झाली नाही. उद्या पुन्हा.

३ मार्च, शनिवार

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कानफाट्या पडला. शिंगं : डावं साडेपस्तीस, उजवं पस्तीस आणि तीन सोळांश. मी जागेवरच खालचा जबडा काढला, उकळला, घासला, पहिल्या दाढेला चिमटा लावला. सात सोळांश इंच. मोतीची दाढ सात सोळांश. केसभराचा फरक नाही. नऊ वर्षं!

जबडा मोतीच्या शेजारी धरून मी धावजीला बोलावलं. सगळ्यांसमोर. "ये, पाहा. तुझे नवे पैसे."

त्यानं दोन्ही जबडे हातात घेतले, अंगठ्यानं दाढा चाचपल्या, बराच वेळ. म्हणाला, "दात सारखे आहेत. पण तो फाटक्या कानाचा पाचच वर्षांचा होता."

"म्हणजे दात खोटं बोलतात?"

"मी कायले म्हणू खोटं. पण मीही खोटं बोलून नाही राह्यलो."

पुंडलिकराव मध्ये पडले. पाहुण्यांसमोर शिकार खोटी ठरवणारा खोजी कंपनीला नको. मला विचारलं, "नबीभाई, तुमचं काय म्हणणं?" मी म्हटलं, जो माणूस डोळ्यांसमोरचा जबडा मानत नाही त्याला काय समजावायचं. एवढंच म्हटलं मी. त्यांनी कारकुनाला सांगितलं, धावजीचं नाव काट.

तो चप्पल हातात घेऊन नाल्यानं गेला. मागं पाहिलं नाही. ठीक आहे. मी त्याला काढलेलं नाही. मला विचारलं, मी खरं ते सांगितलं.

११ मार्च, रविवार

ईद झाली. बायकोनं, जुबैदानं, शीरखुर्मा केला, बिजलीबाईकडं डबा पाठवायला काढला आणि मग तसाच आत ठेवला. दर ईदेला जातो तो डबा. माझ्याकडं पाहून म्हणाली, "भेजूँ? या अब वो भी जबड़ा देखकर खाएँगे?"

मी म्हटलं, तुला जबड्यातलं काही कळतं का?

"मुझे इतना कळता," म्हणाली, तिची भाषा अशीच अर्धी-अर्धी असते, "के धावजी झूठा नहीं है. बीस बरस से बैल बेचता है, एक बार किसी ने उसका बैल वापस नहीं लाया."

बैल आणि चितळ. कुठं काय जोडते ही बाई.

१७ एप्रिल, मंगळवार

मोह गळतोय. या दिवसांत पहाटे चितळांचे नर ओरडतात, सगळं रान घुमतं. मी दरवर्षी मोजतो. गेल्या साली याच नाल्यावर एका तासात एकेचाळीस आवाज. आज सहा. त्यातही दोन तर पोरांचे, फाटके आवाज.

ऊन फार आहे म्हणून असेल. पण गेल्या सालीही ऊन होतं, एकशे आठ डिग्री, लिहिलेलं आहे. वाघ लागला असेल म्हणावं तर ठसा नाही. नवा खोजी म्हणतो, "आवाज करणारेच कमी झाले असतील." मी त्याला झापलं. या मोसमात अकराच नर मारलेत, अकराही म्हातारे, अकराही कागद माझ्या सहीचे. म्हाताऱ्यांनी रान घुमत नसतं.

मग कोणी घुमवत होतं?

झोप नाही. संताप संताप होतो आहे आणि कोणावर ते ठरत नाही.

२२ एप्रिल, रविवार

तांड्यावर गेलतो. मनाशी ठरवून, की धावजीच्या नव्या पैशांचा एकदाचा निकाल लावायचा. धावजी घरी नव्हता. बिजलीबाई शेंगा सोलत बसली होती. सत्तरीची असेल, हातात हस्तिदंती चुडा, दात एकही नाही, आवाज शाबूत.

"या मिस्त्री. आता कोणाचा जबडा काढाले आलात? माहा काढा, रिकामाच आहे."

मी सरळ विचारलं, कुत्र्यानं पाडसाचा कान फाडला ते कोणत्या साली.

"नवे पैसे आले त्या साली. कान शिवाले बसली होती मी, हळद भरून. तुमीच तर उभे होते इथं, वही काढून लिवत होते काहीतरी. तुमी तर माशी बसली तरी लिवता."

मला आठवत नव्हतं. मी ते सोडून दिलं आणि मोतीबद्दल विचारलं. मोती नक्की नऊ वर्षांचाच ना?

"नऊ वर्सं, वर दोन महिने. माह्या हातात गेला तो." डोळे पुसले. मग हसली. "लय लाडाचा होता बाप्पा. गवताले तोंड लावत नव्हता. गवत टाकलं की माह्या तोंडाकडं पाहे. त्याले ज्वारीचा घाटा लागे, दुधात चुरलेली भाकर लागे. शिळी चालत नव्हती राजाले. जलमभर माह्याच हातानं खाल्लं."

मी म्हटलं, त्यानं गवत कधीच खाल्लं नाही?

म्हातारी माझ्याकडं अशी पाहायला लागली, जसा चौथीच्या पोराकडं मास्तर पाहतो. म्हणाली, "मिस्त्री, तुमी त्याच्या दातावरून वय काढलं का काय? अन् तो काय खाऊन राह्यला हे इचारलं नाही? बैलबाजारात आमचा माणूस पह्यले इचारते, बैल कोण्या गावचा. मंग तोंड उघडते. नदीकाठचा असन तर रेती खाऊन दात झिजते, चार वर्साचा बैल सातचा दिसते. पेंड खाऊन वाढला असन तर सातचा चारचा दिसते. आमचं पोट्टं बी इचारल्याबिगर तोंड उघडत नाही. अन् तुमी एवढी मोठी फळी केली!"

पाणी प्यायलो नाही, तसाच उठलो.

घरी येऊन सत्तावन सालची वही काढली. १२ मे १९५७, माझं अक्षर : "तांड्यावर कुत्र्यानं चितळाचं पाडस धरलं, नर, डावा कान टोकापासून दीड इंच फाटला, बिजलीबाईनं सोडवलं. वय अंदाजे तीन महिने. मायकडं सोडलं."

कानफाट्याचा कान मी मार्चमध्ये मोजला होता. मुंडकं भरताना मोजावं लागतं. डावा. फाट सव्वादोन इंच. कान वाढला तशी फाट वाढली.

माझ्याच घरात होतं. माझ्याच अक्षरात. पाच वर्षं.

२३ एप्रिल, सोमवार

फळी जमिनीवर मांडली आहे. जुबैदा दोनदा जेवायला बोलावून गेली. तिला ओरडलो.

हिशेब साधा आहे. मोतीनं नऊ वर्षं घाटा खाऊन जेवढी दाढ झिजवली, तेवढी रानातल्या नरानं पाच वर्षांत झिजवली. वाळलं गवत, धूळ, रेती. म्हणजे मी नऊ म्हटलेला प्रत्येक नर पाचच्या आसपास. माझी कडी बरोबर, चिमटा बरोबर, सोळावा हिस्सा बरोबर. जिथून मोजायला सुरुवात केली तीच जागा चुकली. आणि फळीवरून मान, पोट, पाठीचे गुण ठरवले होते, म्हणून तेही गेले. मी ज्याला म्हातारा म्हणत होतो तो भरात आलेला जवान होता. ज्याला 'हा नाही, जवान आहे' म्हणून सोडत होतो ते तर पोरच. आणि खरे म्हातारे? ते बारीक शिंगांचे, एकटे चरणारे, त्यांच्याकडं मी तिपाई वळवलीच नाही. त्यांची शिंगं पाहुण्यांना नको होती आणि मला वाटे रोगट जनावर आहे.

अकरा. त्यातला म्हातारा एक, फार तर दोन. अकरा वेळा 'हा चालेल' माझ्या तोंडून.

एका कानफाट्यावर आता सगळं नव्यानं मोजतो आहे. म्हणजे पुन्हा एकाच जबड्यावर! तो ज्या नाल्याला चरत होता तिथं रेती जास्त असेल तर? पाचाचे सहा असतील कदाचित. नऊ नाहीत. एवढं नक्की, यापलीकडं मला काही नक्की माहीत नाही. हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला.

बिजलीबाईवर संताप आला. सात वर्षांत सांगितलं का नाही? मग वाटलं, मी विचारलं कधी होतं? वय विचारलं, जबडा मागितला, निघून आलो.

२५ एप्रिल, बुधवार

धावजी पांढरकवड्याच्या जिनिंगात गाठी वाहतो आहे. केसांत, मिशीत कापूस. जंगलात पानाचा आवाज न करता चालणारा माणूस, त्या यंत्रांच्या गोंगाटात माझं बोलणं ऐकू येईना म्हणून कानामागं हात धरून उभा.

बाहेर आलो.

"माफी मागाले आले का भांडाले?" म्हणाला.

"दोन्ही," मी म्हटलं. "कानफाट्या पाचचाच होता."

"मले माहीत आहे."

"मग तेव्हा धरून का बसला नाहीस? बैलाचं तुम्हा लोकांना माहीत होतं. मोती काय खात होता ते तुला माहीत होतं. जबडे हातात घेऊन उभा होतास. एक शब्द बोलला असतास तर..."

"मले तवा सुचलं नाही मिस्त्री. दात सारखे दिसले अन् मीच गांगरलो. मले वाटलं, माहीच याद फिरली का काय." मिशीतला कापूस काढला. "घरी जाऊन तीन दिवस मायले इचारत होतो, माय, तो कान त्याच साली फाटला होता नं?"

माझ्या संतापाला जे काही धरून होतं ते सुटलं. मी म्हटलं, मी लिहून देतो. वनखात्याला आणि कंपनीला. तू खरा होतास, मी चुकलो, अकराही कागद रद्द धरावे.

"लिवा," म्हणाला. "पण माहं नाव नीट लिवा. धावजी लक्ष्मण राठोड. मागच्या टायमाला नुसतं 'खोजी' लिवलं होतं."

आत भोंगा झाला. तो गेला.

२९ एप्रिल, रविवार

पत्र लिहिलं. चार पानं. पहिल्या मसुद्यात 'नजरचूक' लिहिलं होतं, फाडलं. नजर चुकली नव्हती. दुसऱ्यात 'उपलब्ध साधनांच्या अभावी', तेही फाडलं. लिहिलं : "मी एका पाळीव चितळाच्या दातावरून रानातल्या चितळांचं वय काढलं, त्याचा चारा विचारला नाही. खोजी धावजी लक्ष्मण राठोड यांनी ३ मार्च रोजी सांगितलेलं वय खरं होतं. त्यांना कामावरून काढण्यास मी कारण आहे." खाली अकरा नरांची यादी, तारीख, मी लिहिलेलं वय, आताचं वय. दोन प्रती. उद्या टपालात.

जुबैदानं पत्र वाचून दाखवायला सांगितलं. वाचलं. तिनं पान वाढलं.

४ मे, शुक्रवार

जुम्म्याची नमाज करून आलो तर दाराशी कंपनीची जीप. पुंडलिकराव ओट्यावर बसलेले, जुबैदानं चहा दिलेला. त्यांच्या मांडीवर माझ्या पत्राची प्रत.

"नबीभाई, हे काय केलंत? हरणाला कुठं जन्मदाखला असतो?"

"चितळ म्हणा. हरीण वेगळं."

"बरं, चितळ. साहेबांपुढं अजून गेलेलं नाही पत्र. तिथला बाबू आपला आहे. तुम्ही दोन ओळी द्या, प्रकृती ठीक नव्हती, परत घेतो. संपलं. तुमच्या नऊ वर्षांनी कोणाचं काय बिघडलं? पाहुणे खूश, वनखातं खूश."

"धावजी गाठी वाहतो आहे."

"त्याला रोजावर घेऊ की. हाकाऱ्यात."

"खोजी म्हणून? आणि तो खरा होता असं लिहून?"

"ते कसं लिहिता येईल?" ते खरोखर चकित झाले होते. "तो खरा ठरला तर अकरा शिकारी खोट्या ठरतात. परमिट जाईल. तुम्हालाही आत घेतील, सही तुमची आहे."

मी म्हटलं, हो, सही माझी आहे.

मग त्यांनी खिशातून कागद काढला. आधीच टाइप करून आणला होता. मी उभ्यानंच वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि त्यांच्या चहाच्या बशीखाली ठेवला. म्हटलं, पत्र परत घेणार नाही. उद्या सकाळच्या एस.टी.नं दुसरी प्रत घेऊन मी स्वतः यवतमाळला साहेबांपुढं जातो, वाट बाबू अडवतो की आणखी कोणी ते पाहतो. फळी सोबत नेणार आहे, आणि धावजीही येतो म्हणाला आहे, जिनिंगाचा रोज बुडवून.

ते म्हणाले, "तुमच्यासारख्या माणसाला कंपनी जन्मभर सांभाळायला तयार होती." जीप धूळ उडवत गेली. जुबैदानं बशी उचलली, कागद चुलीत घातला. मी अडवलं नाही, पण जळायच्या आधी पाठ झाला होता. उद्या हा माणूस म्हणेल की मिस्त्री जास्त मागत होता म्हणून फिसकटलं. म्हणून इथं लिहून ठेवतो. मी काहीच मागितलं नाही. त्यांनी देऊ केलं आणि मी नाकारलं ते असं : बारमाही नोकरी, महिना एकशे पंच्याऐंशी रुपये, आणि फळीचे वेगळे सातशे रोख. पहिल्या वर्षाचे मिळून दोन हजार नऊशे वीस रुपये.